मयताच्या कापडावरचा कर

बेंगळुरूच्या चिकपेटेत विठोजी पिसे यांच्या दुकानात गिऱ्हाईक शिरायचं ते मन घट्ट करूनच. आजूबाजूचे दुकानदार येणाऱ्याला आत ओढायचे, गादीवर बसवायचे, कॉफी मागवायचे. विठोजी मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. "घ्यायचं असेल तर हात लावा, हात पुसायचे असतील तर पुढे जा," हे त्यांचं स्वागत. धोतरं, पंचे, उपरणी आणि मांजरपाट एवढाच माल, पण चोख. धुतल्यावर आटणारं कापड त्यांनी जन्मात कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं. म्हणून लोक शिव्या खायला यायचे आणि शिव्या देत जायचे.

भांडायला त्यांना कारण लागत नसे, माणूस लागायचा. शेजारी बटणं-दोरे विकणाऱ्या शिवाप्पाशी छपराच्या पन्हळीवरून जुंपलेलं भांडण इतकं जुनं होतं, की पन्हळ गंजून गळून पडली तरी भांडण शाबूत होतं. नळवाले, वीजवाले, रस्ता खणून तसाच ठेवणारे, सगळ्यांचा उद्धार त्यांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून केला होता. पण खरं वैर सरकारशी, मग ते कुठल्या का पक्षाचं असेना. मतं मागताना जोडलेले दोन हात निकालानंतर आपल्याच खिशात सापडतात, असं त्यांचं मत होतं आणि ते चुकीचं होतं असं कुणी सिद्ध करून दाखवलं नाही.

एकाच गिऱ्हाइकापुढे विठोजींचा आवाज चढत नसे. मयताचं कापड न्यायला आलेल्या.

ही रीत आजोबांपासूनची. पिसे मंडळी भावसार. कुठल्या पिढीत बेंगळुरूला आली हे घरात कुणाला धड सांगता यायचं नाही, पण ही रीत कशी पडली ते सगळ्यांना पाठ होतं. प्लेगच्या साथीत पेठेतल्या कुणा व्यापाऱ्याने मांजरपाटाचा भाव दुप्पट केला, लोक मेलेल्यांना जुन्या लुगड्यांत गुंडाळून नेऊ लागले, तेव्हा आजोबांनी दुकानातल्या कुलदेवी हिंगुळांबेच्या तसबिरीपुढे शपथ घेतली, की मेलेल्याच्या अंगावरच्या कापडावर या घरात कुणी पैसा कमावणार नाही. पुढे त्या शपथेला नियमांची झालर लागत गेली. गिऱ्हाईक चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभं राहिलं आणि नुसतं "मांजरपाट" म्हणालं, की ओळखायचं. कोण गेलं ते विचारायचं नाही. कापड गजाने मोजायचं नाही, हाताने मोजायचं, वर एक हात जास्त द्यायचं. कातर लावायची नाही, फाडायचं. खरेदीच्याच भावात द्यायचं आणि पैसे हातात न घेता फळीवर ठेवू द्यायचे. कुठे लिहायचं नाही, कारण मेलेल्याचं नाव दुकानात लिहिलं की त्याचं इथलं येणं-देणं संपत नाही. एकदा फाडलं की ते कापड ज्याच्यासाठी फाडलं त्याचं झालं, ते परत ताग्यात गुंडाळायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम शेवटी. एरवी कुणी काही न घेता गेलं तरी विठोजी खेकसून का होईना "या परत" म्हणायचे. दुकानदाराच्या तोंडात ते बसलेलंच असतं. या गिऱ्हाइकाला मात्र "या" म्हणायचं नाही. ते वळेपर्यंत हात जोडून गप्प उभं राहायचं.

पेठेत कुणीही गेलं, मराठी असो, कन्नड असो, तेलुगू असो, की माणूस पिशांकडे यायचा. विठोजींच्या अंगात चांगुलपणा म्हणून जो काही होता, तो सगळा या एका रितीत साठलेला होता. बायको अहल्या तर तोंडावर सांगायची, "मेल्यावरच माणूस तुम्हाला बरं वाटतं."

नव्वद सालानंतरच्या त्या काळात सरकारने कापडावरचा कर वाढवला आणि लहानात लहान दुकानालाही प्रत्येक विक्रीची पावती सक्तीची केली. मोठ्या पेढ्यांना काय, त्यांच्याकडे हिशेबनीस होते, वकील होते, आणि पावत्या दोन रंगांच्या होत्या. भरडले गेले ते फळीवर बसून धंदा करणारे. कराचा बोजा गिऱ्हाइकावर टाकावा तर गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं, स्वतः सोसावा तर दिवसभर बसल्याचे पैसे सुटत नाहीत. दोन दुकानं त्या वर्षी विठोजींच्या डोळ्यांदेखत बंद झाली. त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या.

कर खात्याचा माणूस आला तो भला होता, हे विठोजींनाही नंतर कबूल करावं लागलं. त्याने ताग्यांची मोजदाद केली, पावत्या जुळवल्या आणि विचारलं, "मांजरपाट एवढं आलं, विकलेलं एवढं, उरलेलं एवढं. मधलं कुठे गेलं?"

"जाळलं," विठोजी म्हणाले.

"कुणी?"

"ते मी विचारत नाही."

शेजारून शिवाप्पाने येऊन, भांडण बाजूला ठेवून, त्या माणसाला कन्नडमध्ये सगळी रीत समजावली. माणूस हळहळला. म्हणाला, "नाव लिहू नका. नुसतं 'रोख गिऱ्हाईक' लिहा आणि पावती फाडा. आम्हाला तेवढं पुरे."

"ते गिऱ्हाईक नव्हे," विठोजी म्हणाले. "आणि पावती दिली की तो व्यवहार झाला. आमच्या घरात त्याचा व्यवहार करत नाहीत."

मग त्या माणसाचाही नाइलाज झाला. दंडाची नोटीस आली, आणि पुन्हा असं आढळलं तर दुकानाला टाळं, असं तिच्यात लिहिलेलं होतं. दुकानाच्या वरच्याच खोल्यांत नवराबायको राहायची. अहल्याने ताट वाढता वाढता म्हटलं, "रोख म्हणून लिहून टाका की. देवीला काय कन्नड वाचता येतं होय?"

"देवीला येत नसेल. मला येतं," विठोजी म्हणाले आणि जेवण अर्धं टाकून उठले.

अशा वेळी वेणुगोपाल आला. तो याच गल्लीत वाढलेला, लक्ष्मीदेवीअक्कांचा एकुलता एक मुलगा. घरातली बोली पिशांच्याच घरातली. लहानपणी विठोजींच्या शिव्या खाऊन मोठा झालेला, आता विरोधी पक्षाचा पुढारी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर कुंकवाचं बोट आणि आवाजात कायमचा गहिवर. पेठेतल्या व्यापाऱ्यांना करवाढीविरुद्ध एकत्र करायचा त्याने चंग बांधला होता, आणि निवडणूक जवळ आली होती हा निव्वळ योगायोग.

"स्वल्प बसतो, अण्णा," म्हणत तो फळीवर टेकला. "तुमचं ऐकलं. अण्णा, ह्याला कर म्हणत नाहीत. हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे. हे लोकांना कळायला पाहिजे. एकदा सभेत येऊन तुमच्या तोंडाने सांगा."

"मी सभेत जात नाही. तिथे तुझ्यासारखे असतात."

"नका येऊ. मग दंड भरा, आणि उद्यापासून मेलेल्यांच्या पावत्या फाडा." वेणुगोपालला विठोजींची नस ठाऊक होती. "आणि आलात, तर माझा शब्द. आमचं सरकार येऊ दे, मयताच्या कापडाला पावती नाही, कर नाही, असं लिहूनच काढतो. आईची शपथ घेऊ?"

"आईची घेऊ नकोस. ती बरी बाई आहे," विठोजी म्हणाले. पण ते सभेला गेले.

जायला नको होतं. जी गोष्ट तीन पिढ्या कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, ती त्यांनी लाउडस्पीकरवरून सांगितली. त्यांना भाषण येत नव्हतं, नुसता राग येत होता, आणि रागाला टाळ्या फार पडतात. खाली बसलेल्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विठोजींच्या मागून उठून वेणुगोपालने माइक हातात घेतला आणि "कफनावर कर!" अशी आरोळी ठोकली. दुसऱ्या दिवशी तीच आरोळी अव्हेन्यू रोडच्या भिंतीभिंतीवर रंगवलेली होती. विठोजींनी ती वाचली तेव्हा आपल्या घरातली न्हाणीघराची भिंत कुणी पाडली असावी तसं त्यांना वाटलं. अहल्याला त्यांनी तसं सांगितलं नाही, वेणुगोपालला चार शिव्या दिल्या आणि गप्प बसले. शब्द मिळालेला होता ना.

मग करवाढीविरुद्ध बाजार बंद पुकारला गेला. त्या सकाळी दुकानं बंदच होती. विठोजी अर्धी फळी लावून आत बसले होते. दोन माणसं आली, उंबऱ्याबाहेर चपला न काढता उभी राहिली, मान खाली घालून म्हणाली, "मांजरपाट."

विठोजी उठले. बंद असो नाहीतर दंगल असो, या कापडाला दुकान उघडं. त्यांनी हाताने मोजलं, वर एक हात जास्त धरलं, कडेला नख लावून फाडलं. पैसे फळीवर पडले. कोण गेलं हे त्यांनी विचारलं नाही. माणसं वळेपर्यंत हात जोडून उभे राहिले.

ऊन चढल्यावर गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली. पुढे मडकं धरून, शर्ट काढून, खांद्यावर उपरणं टाकलेला वेणुगोपाल. मागे चौघांच्या खांद्यावर तिरडी. तिच्यावर गवताचा पुतळा, अंगभर पांढरं कोरं मांजरपाट. पुतळ्याच्या डोक्यावर काळी टोपी, आणि नाकावर चष्मा, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. विठोजींच्या चष्म्याची काडी कितीतरी वर्षं तशीच दोऱ्याने बांधलेली होती. छातीवर पाटी होती, "चिकपेटचा लहान व्यापारी." लोक हसत होते, ओळखून हसत होते. ती सगळी वरात विठोजींच्या दुकानापुढे येऊन थांबली, कारण फोटोवाले तिथेच उभे केले होते.

"अण्णा," वेणुगोपाल म्हणाला, "हार तुमच्या हातून."

विठोजींनी आधी कापड ओळखलं. फाडलेली कड, वर धरलेला जास्तीचा हात. मग पुतळा ओळखला. मग वरच्या खिडकीतून अहल्याचा आवाज आला, आणि तो आवाज त्यांनी लग्नापासून कधी ऐकला नव्हता. त्यांनी फळीवरचा लोखंडी गज उचलला आणि वेणुगोपालच्या टाळक्यात घालायला धावले. वेणुगोपाल चपळ होता. गज हवेत राहिला, चौघांनी त्यांना धरलं आणि तेवढ्यात फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गज उगारलेले विठोजी होते, शेजारी त्यांचा दंड धरलेला वेणुगोपाल, आणि खाली लिहिलं होतं, 'करवाढीविरुद्ध व्यापाऱ्याचा उद्रेक.'

पुतळा वेणुगोपालच्या माणसांनी चौकात जाळला. अहल्या दोन दिवस जेवली नाही. "तुमच्या नावानं फाडलं ते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "तुमच्या हातानं, तुमच्या नावानं." विठोजींनी तिला ओरडून गप्प करायचा प्रयत्न केला.

त्या फोटोच्या जोरावर वेणुगोपाल निवडून आला. सरकारही त्याच्या पक्षाचं आलं. चिकपेट सुटली, इंदिरानगरात बंगला झाला, दारात पांढरी गाडी उभी राहिली. व्यापाऱ्यांनी त्याचा सत्कार केला. विठोजी सत्काराला गेले नाहीत, पण महिनाभर वाट बघून बंगल्यावर गेले. दुसऱ्या कुणी शब्द दिला असता तर त्यांनी तो गटारात फेकला असता. हा शब्द त्यांनी आपल्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडून विकत घेतला होता.

बाहेरच्या खोलीत बराच वेळ बसवल्यावर वेणुगोपाल आला. "अण्णा, तुम्ही का त्रास घेतला? फोन करायचा." मग विषय निघाला तसा तो हसला. "बाहेरून बोलणं वेगळं, अण्णा. आत जाऊन बसल्यावर तिजोरी दिसते. रिकामी आहे. आता एकाला मयताचं कापड सोडलं तर उद्या दुसरा म्हणेल लग्नाचं सोडा. सरी, ठीक आहे, बघू, मी विषय काढतो."

"माझ्या मढ्याला खांदा दिलास तेव्हा तिजोरी दिसली नव्हती?"

"राजकारण होतं ते. मनावर घेऊ नका."

आतून लक्ष्मीदेवीअक्का बाहेर आल्या. फार थकल्या होत्या, भिंत धरून चालत होत्या. पेठेत असताना संध्याकाळी विठोजींच्या फळीवर येऊन बसणारी ही एकटीच बाई. त्यांच्या शिव्या ऐकून हसायची आणि "अजून एक दे रे" म्हणायची. त्या पुतळ्याचं त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी विठोजींपुढे कॉफी ठेवली आणि मुलाला म्हणाल्या, "विठोजीला दिलेला शब्द पाळ, वेणू." मुलगा घड्याळ बघत आत गेला.

मग त्या विठोजींना म्हणाल्या, "इथे सगळं कातरीनं कापून मिळतं रे. माझ्या वेळी कापड तुझ्याकडचं. वेणूला सांगून ठेवलंय. फाडून दे. कातर लावू नको."

"त्याला अजून वेळ आहे, अक्का," विठोजी म्हणाले.

"वेळ कुणाला आहे ते आपण बघत नाही. देतोस ना?"

"देतो की," विठोजी म्हणाले.

विषय निघाला नाही. निघाला तो उलटाच. पुढच्या वर्षी नव्या सरकारने कर आणखी वाढवला, तपासणी कडक केली, आणि आता विरोधात बसलेल्यांनी भिंतींवर तीच आरोळी नव्या रंगात लिहिली. या वेळी कर खात्याचा जो माणूस आला तो भला नव्हता. जुना दंड न भरलेला, वर मांजरपाट पुन्हा पावत्यांपेक्षा जास्त गेलेलं. दुकानाला सील लागलं. ते उघडायला अहल्याच्या बांगड्या गेल्या. विठोजींनी पावतीपुस्तक छापून घेतलं, कराचा रकाना वेगळा, आणि मुकाट्याने लिहू लागले. मांजरपाटाचा एक तागा मात्र त्यांनी हिशेबाबाहेर वर घरात पलंगाखाली ठेवला. उंबऱ्याबाहेर कुणी मान खाली घालून उभं राहिलं की ते जिन्याकडे बघून खाकरायचे, आणि अहल्या चोरीची दारू आणावी तसा पदराआड तागा घेऊन उतरायची. तीन पिढ्या उजळ माथ्याने केलेलं काम आता लपून करावं लागत होतं. याचा राग विठोजींना दिवसरात्र जाळायचा, आणि त्या रागाला एकच चेहरा होता.

तो चेहरा एके दिवशी दुपारी, गाडी चौकात सोडून, पायी चालत गल्लीत आला. बरोबर आठ-दहा माणसं. वेणुगोपालच्या दाढीचे खुंट वाढलेले, डोळे सुजलेले. दुकानदार फळ्यांवरून उठून उभे राहिले. तो उंबऱ्याबाहेर थांबला, चप्पल काढली नाही.

"मांजरपाट," तो म्हणाला.

कोण गेलं हे विचारायची गरज नव्हती. विठोजींनी जिन्याकडे बघितलं. खाकरायला घसा तयार झाला होता, हे खरं. पण वेणुगोपालने, सवयीने म्हणा, गहिवरल्या आवाजात पुढे म्हटलं, "अण्णा, तुमच्याकडे ह्याची पावती करत नाहीत, म्हणून मुद्दाम..."

विठोजींच्या डोळ्यांपुढे मडकं धरलेला वेणुगोपाल उभा राहिला. दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी, हसणारी गल्ली, अहल्याचा तो आवाज, तिचे मोकळे हात. घसा खाकरला नाही.

"करतात," ते म्हणाले. "तुमच्याच सरकारचा नियम आहे, आमदारसाहेब."

त्यांनी दुकानातला तागा खाली ओढला. लोखंडी गज लावून कापड मोजलं, बोटभरही जास्त नाही. कातर घेतली. कातरीचा आवाज काय एवढा मोठा असतो? पण गल्ली इतकी शांत होती की तो शिवाप्पाच्या दुकानात ऐकू गेला. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. नाव, लक्ष्मीदेवी. माल, मांजरपाट. किंमत. कर. सगळ्याची बेरीज. पावती फाडून पुढे धरली. वेणुगोपालच्या हातातली नोट त्यांनी हातात घेतली, उजेडाकडे धरून बघितली आणि सुट्टे मोजून दिले.

वेणुगोपालने पावती खिशात घातली, कापड छातीशी धरलं आणि तो वळला.

"या," विठोजी मागून म्हणाले. "परत या."

जो तो जागच्या जागी थिजला. वेणुगोपाल अडखळला, थांबला नाही. शिवाप्पाने तोंडावर हात ठेवला आणि आपल्या दुकानात जाऊन पाठ करून बसला. विठोजींना छाती रिकामी झाल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांचं फिटलं. हे सुख किती टिकलं म्हणाल, तर अहल्या जिना उतरून येईपर्यंत.

"कुणाला म्हणालात ते?" तिने विचारलं.

"त्याला."

"गेलंय कोण?"

विठोजींनी फळीवरच्या कातरीकडे बघितलं. कातर लावू नको, असं एकीने सांगितलं होतं, आणि देतो की, असं त्यांनी म्हटलं होतं. मुलाला मारायला म्हणून उचललेला गज या वेळी बरोबर लागला होता, पण आईला. सरकारने दंड केला, सील लावलं, बांगड्या नेल्या, तरी ही रीत मोडली नव्हती. ती मोडायला पिसेच लागले.

ते धावतच जिना चढले. पलंगाखालचा तागा ओढला, हाताने मोजलं, वर एक हात जास्त धरलं आणि फाडलं. तशाच अनवाणी पायांनी चौकात जाऊन रिक्षा केली, पण ती वाटेत गर्दीत तासभर अडकली. इंदिरानगरात बंगल्यावर पाणी शिंपडून झालं होतं. मंडळी गेली होती. रिक्षा विल्सन गार्डनच्या स्मशानाकडे वळवली. पोचले तेव्हा विद्युतदाहिनीचं दार बंद झालं होतं आणि माणसं पांगत होती.

वेणुगोपाल भिंतीशी एकटा उभा होता. त्याने विठोजींना बघितलं, त्यांच्या हातातलं कापड बघितलं.

"तिने सांगून ठेवलं होतं म्हणून तुमच्याकडे आलो," तो म्हणाला. "नाहीतर कापड इंदिरानगरातही मिळत होतं."

त्या आवाजात पहिल्यांदाच गहिवर नव्हता. विठोजींनी कापड पुढे केलं. वेणुगोपाल निघून गेला. जाताना दोघांपैकी कुणी काही म्हटलं नाही, तशी रीतच आहे.

विठोजी चालत घरी आले. शिवाप्पाच्या दुकानापुढून गेले तेव्हा शिवाप्पाने मान वर केली नाही. भांडायलाही नाही. पुढे गल्लीतून कुणी मयताच्या कापडाला पिशांकडे आलं नाही. माणसं शेजारच्या मामूलपेटेत जाऊ लागली. तिथे कातरीने कापून, पावती करून मिळायचं. कर तेवढाच होता.

स्मशानातून आले त्या संध्याकाळी अहल्याने त्यांच्या हातातलं कापड घेतलं. कोरं, हाताने मोजलेलं, एक हात जास्त.

"हे ताग्यात जात नाही," ती म्हणाली. "कुणाचं म्हणून ठेवू?"

विठोजी उंबऱ्यावर बसले होते.

"माझं म्हणून ठेव," ते म्हणाले.

अहल्याने नीट घडी घातली आणि कपाटात त्यांच्या धोतरांच्या खाली ठेवून दिली.